घोंगडीच्या लोकरीची माशी

हा-मोफोका, ३ एप्रिल

लिमाकात्सो,

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पत्र कुणाचं आहे हे पाकीट न पाहताही तुला कळेल.

घराचं दार, पॉपलरच्या फळ्यांचं, बिजागऱ्यांसकट. होडी एक, पत्र्याची, साडेअकरा फूट. नऊ वर्षांत दोनदा गळली, दोन्ही वेळा मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बुटांच्या खिळ्यांमुळे. गळाला नकली माशी बांधताना तो घट्ट धरायचा शिकंजा, सायकलचा ब्रेक आणि ट्रॅक्टरचा एक बोल्ट यांचा. दोरा सोडायची नळी, बॉलपेनची. तळ्यात येणाऱ्या ओढ्यावरचे पाऊलदगड, बत्तीस, एकही हलत नाही. लालसर मानेचे कोंबडे, आठ पिढ्या निवडून निवडून, कारण बाजारातल्या पिसांना तो रंग नाही. आणि गळावर बांधायच्या नकली माश्या, एकेचाळीस प्रकारच्या. पहिल्या चार एका पाहुण्याने टाकून दिलेल्या किंमतपत्रकातली चित्रं पाहून केल्या. इंग्रजी अक्षरंही त्यातच शिकलो. पुढच्या सदतीस माझ्या डोक्यातून. शेवटची ‘तपकिरी खोजाने’. तीही माझीच.

सहा वर्षं तू लिहिलं नाहीस. मीही नाही. आजचं कारण कामाचं आहे.

मिस्टर ब्रिंक आले आहेत. तुला आठवत असतील, लाल मिशांचे, चहात चार चमचे साखर घेणारे. मिशा आता पांढऱ्या झाल्या, साखर तेवढीच आहे. गळाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीला ‘तपकिरी’ हवी आहे. पाकिटावर माझं नाव छापतील. त्यांना बांधायची रीत कागदावर लिहून पाहिजे: कुठली लोकर, कुठलं पीस, किती वेढे, कुठल्या दिशेने, सगळं. कागद मी लिहायला घेतला आहे आणि तो चांगला होतो आहे. फक्त एका जागी खात्री करून घ्यायची आहे. त्या वर्षी तू गंमत म्हणून तीन माश्या बांधल्या होत्यास. कोंबड्याच्या मानेचं पीस तू कुठल्या बाजूने गुंडाळलंस, आणि वेढे किती दिलेस, सहा की सात? एका ओळीत कळवलंस तरी चालेल. मिस्टर ब्रिंक २० मेला निघतील.

सापतळ्याचं पाणी २८ मार्चला उलटलं. वरचं पाणी थंड होऊन बुडतं आणि तळातलं वर येतं ते. दोन दिवस सगळं चहासारखं गढूळ. तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर चौदा फुटांखालचा दगड दिसतो, दगडावरची गोगलगाय दिसते, गोगलगाय कुठून निघाली ती रेघही दिसते. बावन्न वर्षांचा झालो, दर वर्षी बघतो, तरी त्या दिवशी होडीत पाय ठेवण्याआधी मी वल्हं बुडवून बघतो. तिथे पाणी नाहीच असं वाटतं. होडी हवेत टांगली आहे आणि मी आता पडणार.

आणि तो आला आहे. काळ्या कड्याखाली, ओढ्याच्या तोंडापासून वीस पावलं उजवीकडे. होडीची सावली त्याच्यावरून गेली तेव्हा मी वल्ह्याशी ताडून पाहिलं. वल्ह्याचं पातं पंचवीस इंच. तो पात्याहून लांब. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच आहे. तू हा मासा पाहिलेला नाहीस, मी पाहिला आहे. एकदा.

तुझी आजी माशाला मासा म्हणत नसे, पाण्यातला साप म्हणे, आणि माझं माशाचं भांडं जन्मभर तिने घराबाहेर शेणींच्या ढिगावर ठेवायला लावलं. मी साप-बीप मानत नाही. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे बोट केलं नाही. आपली म्हातारी माणसं तळ्याकडे दाखवताना करतात तशी मूठ पुढे केली. होडीत मी एकटाच होतो.

पत्र लोकरीच्या लॉरीवाल्या मोत्सेकीजवळ देतो. दरबानमधल्या तुझ्या शिवणाच्या कारखान्याचा पत्ता तुझ्या आईने त्याला सांगितला. तिला तो पाठ आहे, हे मला आजच समजलं.

खोजाने लेह्लोएन्या


हा-मोफोका, १४ एप्रिल

लिमाकात्सो,

मोत्सेकी परत आला. म्हणाला, तू मशीनवरून उठलीस, डाव्या हाताने पत्र घेतलंस, एप्रनच्या खिशात घातलंस. त्याला चहा दिलास, दोन बन दिलेस, त्याच्या गुडघ्याची चौकशी केलीस. माझ्यासाठी निरोप नाही.

मोत्सेकीचा गुडघा बरा आहे.

तुझी आई चुलीवर मक्याचं पीठ घोटत होती. मी म्हटलं, पोरगी उत्तर देत नाही. तिने विचारलं, तू पत्रात विचारलंस तरी काय. मी म्हटलं, वेढे.

"वेढे." तिचा हात थांबला. "रा-लिमाकात्सो, कोंबड्यांच्या आठ पिढ्या सुधारल्यास तू. घरात पिढी एकच होती."

रा-लिमाकात्सो, लिमाकात्सोचा बाप. तू जन्मलीस त्या दिवसापासून तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. गेली सहा वर्षं ती हे नाव जरा सावकाश उच्चारते, एवढंच.

तुझ्या लक्षात काय राहिलं आहे मला माहीत नाही, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितो. त्या वर्षी आजी ४ मार्चला गेली. कपडे वाटायचा दिवस तिच्या भावाने, मामा लेशोबोरोंनी, २० एप्रिल धरला. मेलेल्या बाईचे कपडे तिच्या माहेरच्या माणसाने वाटायचे, आणि तोवर त्यातल्या धाग्यालाही कुणी हात लावायचा नाही. हे तुला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांची होतीस. ९ एप्रिलला दुपारी मामा, माझ्या दोन्ही बहिणी, सगळे अंगणात बसले होते, आणि मला माझ्या शिकंज्यात आजीच्या घोंगडीची लोकर दिसली. कणसांच्या नक्षीची तपकिरी घोंगडी, प्रत्येक पेडात वांगी रंगाचा एक धागा. तो रंग मी अंधारातसुद्धा ओळखीन.

तू बापाला म्हणालीस, "चिमूटभरच घेतली, न्ताते. तिचा वास येत होता."

मी जे बोललो ते रागाने बोललो, पण खोटं बोललो नाही. रीत ती रीत. तीन माश्यांपैकी दोन मी ब्लेडने कापल्या. पीस उलटं गुंडाळलेलं होतं, एका अंगाला कललेलं. तशाही त्या कामाच्या नव्हत्या. ११ तारखेला तू मोत्सेकीच्या लॉरीत बसलीस.

तिसरी माशी कुठे गेली ते तू विचारलं नाहीस.

इकडे पानगळ लागली, पॉपलर पिवळे झाले. ज्वारी काढून झाली. सकाळी होडीच्या काठावर बर्फाचा पापुद्रा असतो, नखाएवढा जाड. पाणी नऊ अंशांवर. मिस्टर ब्रिंक रोज मासे धरतात आणि सोडतात, माझ्याच ‘तपकिरी’वर, चौदा इंची, सोळा इंची, एकदा एकोणीस. खाचवाला मात्र त्यांच्या माशीकडे बघतही नाही.

वेढ्यांचं कळव. कागद अडला आहे.

खोजाने लेह्लोएन्या


हा-मोफोका, २७ एप्रिल

लिमाकात्सो,

सलग चार दिवस मी एकटा काळ्या कड्याखाली गेलो. मिस्टर ब्रिंकना सांगितलं, होडीला डांबर लावतो आहे. घरी सांगितलं, मिस्टर ब्रिंकना नेतो आहे. तुझी आई म्हणाली, दोघांना दोन गोष्टी सांगितल्यास, तिसरी कोणती खरी आहे?

मी माझ्या हाताने बांधलेल्या अकरा ‘तपकिरी’ नेल्या होत्या. त्याच कोंबड्याचं पीस, त्याच घोंगडीची लोकर, गळ त्याच मापाचा. दोर टाकायला मला कुणी शिकवायला नको. साठ फुटांवर तरंगत्या पानाच्या अलीकडे ठेव म्हणालीस तर अलीकडे ठेवतो. माशी बुडू द्यायची, पंधरा मोजायचे, मग तळातून चतुराची अळी सरपटत वर निघते तशी बोटाबोटाने ओढायची.

तो प्रत्येक वेळी आला. हेच मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो. तळाशी दगड म्हणून जे दिसत होतं ते दगड नव्हतं. ते सुटं झालं आणि वर येऊ लागलं, घाई नाही, शेपूट हलताना दिसत नाही, नुसतं मोठं होत गेलं. अंगावरचे तांबडे ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळं कडं, मी मोजायला लागलो आणि सव्विसावर विसरलो. माशीपासून वीतभर अंतरावर तो थांबला. त्याने ती पाहिली. मग, लिमाकात्सो, त्याने मला पाहिलं. आणि दाराशी आलेल्या फेरीवाल्याला नको म्हणून माणूस आत वळतो तसा तो वळला. अकराही वेळा.

आता तिसऱ्या माशीचं.

ती मी खिशात टाकली होती. १० एप्रिलला सकाळी तू आतल्या खोलीत पेटी भरत होतीस आणि मी तळ्यावर गेलो. किती वाईट बांधली आहे ते बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. पहिल्याच फेकीत त्याने ती घेतली. पंचवीस मिनिटं लागली. साडेअठ्ठावीस इंच. हातात धरला तेव्हा माझी बोटं पुरी पडेनात. सोडून दिला तेव्हा तो माझ्या दोन पायांच्या मधून गेला आणि पाणी वर उसळलं. मी वळलो तर काठावर मिस्टर ब्रिंक उभे. माशी बघून त्यांनी टोपी काढली. विचारलं, ही कुणी बांधली?

मी म्हटलं, "मी."

एवढा एकच शब्द. मग तो मागे घ्यायला सहा वर्षं जागाच सापडली नाही. त्यांनी तिला माझं नाव दिलं, चार लोकांना सांगितलं, ते चौघे आले, त्यांनी आणखी सांगितलं. दर वर्षी मी पाच-सहाशे बांधतो आणि सगळ्या विकल्या जातात. लहान मासे त्यांना फसतात. फसत नाही तो एक.

तुझी ती माशी माझ्याजवळ काडेपेटीत आहे. त्या सकाळनंतर पाण्यात घातलेली नाही. भिंग लावून बघतो. पीस सरळ उभं नाही, वाऱ्याने वाकवल्यासारखं एका अंगाला आहे, म्हणून ओढलं की ती सरळ न येता अंग मुरडत येते. लोकर आत सैल, बाहेर घट्ट. भिजली की वांगी धागा आतून पेटतो. वेढे सहा की सात ते लोकरीखाली झाकलं आहे. मोजायचं तर सोडून बघावी लागेल. तीनदा सुई हातात घेतली आणि तीनदा ठेवली.

मग मी डाव्या हाताने बांधून पाहिली. त्रेचाळीस बांधल्या. हात माझा आहे यावर विश्वास बसेना. दोरा तुटला, बोट कापलं, शेवटची गाठ बसेना. शिकंज्याचा दांडा सारखा मनगटाला लागत होता, म्हणून मी उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो. तिथे बसल्यावर कळलं. तू नेहमी पलीकडे बसायचीस. मी समजत होतो, पोरीला बापासमोर बसायला आवडतं. शिकंजा उजव्या हाताचा होता, म्हणून बसायचीस.

त्या दिवशी अंगणात मी आणखी एक वाक्य बोललो होतो, ते मागच्या पत्रात लिहिलं नाही. मामांदेखत म्हणालो होतो की डावा हात चोरीसाठीच असतो.

वेढ्यांचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

खोजाने


हा-मोफोका, १० मे

लिमाकात्सो,

५ तारखेला मोत्सेकीने लॉरी दारात आणून उभी केली, भोंगा वाजवला, आणि खाली न उतरताच म्हणाला, "न्ताते खोजाने, निरोप आहे. लहान आहे, पैसे पडणार नाहीत."

तू पत्र उभ्याने वाचलंस म्हणे. परत पहिल्यापासून वाचलंस. घडी घातलीस आणि म्हणालीस, "न्तातेंना सांग, मी मोजत नव्हते."

मी त्याला तीनदा विचारलं, हेच शब्द का. तो म्हणाला, पाचच शब्द आहेत, मी लॉरी चालवतो म्हणून ढ नाही.

तुझी आई दारात उभी होती. ती आत गेली आणि मोत्सेकीला लॉरीतच चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी, ६ तारखेला, मी गळाची काठी न घेता तळ्यावर गेलो. असं मी कधी केलेलं नाही. काडेपेटी खिशात होती, पण गळाला दोर नाही. कड्यावरून ओढ्याच्या तोंडाकडे उतरलो, माझे बत्तीस दगड ओलांडले आणि वरच्या वळणावर, जिथे पाणी मांडीएवढंच खोल आहे आणि खाली बारीक खडी आहे, तिथे पालथा पडून राहिलो. दुपारचे बारा वाजले होते. रात्री डोंगरावर पहिलं बर्फ पडलं होतं, त्याचा उजेड पाण्यात आला होता.

तो तिथे होता. खाच असलेली शेपूट. आणि बाजूला दुसरा, लहान, जबडा आकडीसारखा वर वळलेला. आकडीचा जबडा नराला येतो, पानगळीत. मोठ्याला नव्हता.

सहा वर्षं मी तो म्हणत आलो. ती आहे, लिमाकात्सो.

ती कुशीवर झाली. इतकी मोठी मासळी कुशीवर होते तेव्हा सगळा ओढा सोन्याचा दिसतो. शेपटीने तिने खडी उपटली; पाण्याखालचा आवाज मला छातीखालच्या जमिनीतून ऐकू आला. थांबली, मागे सरली, खड्ड्यात पोट लावून पाहिलं, जणू माप घेतलं, आणि पुन्हा कुशीवर. शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती. मी पहिल्या काही फटक्यांचा आकडा धरला होता. मग सोडून दिला. कितीदा केलं मला सांगता येणार नाही. ऊन माझ्या पाठीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून कानावर सरकलं एवढं माहीत आहे. शेवटी दोघं शेजारी आली, दोघांची तोंडं उघडली, अंगं थरथरली, आणि खड्ड्यात धुरासारखं काहीतरी पसरलं. मोत्यांएवढी अंडी खडीत जाऊन बसली. लगेच ती वरच्या अंगाला गेली आणि त्यांच्यावर खडी लोटू लागली. खडा खड्यावर, हलका, कुणाला शिकवून येणार नाही असा.

ही तीच सहा वर्षांपूर्वीची, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. ही ट्राउट मासळी इतकी जगते, पण क्वचित. तिची पोर असेल. खाच मात्र तिथेच आहे.

ती माझ्यापासून दीड हातावर होती. काडेपेटीतली माशी नुसती बोटाने पाण्यात सोडली असती तरी चाललं असतं. मी काडेपेटी काढलीही. पण पालथा पडून, नाक ओल्या गवतात, मला वाटलं की माझ्या घरात हे एकदा घडलं होतं. कुणीतरी न मोजता, मान खाली घालून काहीतरी करत होतं, आणि मी ब्लेड घेऊन आलो.

आता राहिलेलं. सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल, पण एक अजून आहे.

१० एप्रिलला तळ्यावरून परत आलो तेव्हा मिस्टर ब्रिंकना त्याच माशीच्या आणखी सहा हव्या होत्या. त्या बांधायला लोकर लागणार होती. कपडे वाटायचा दिवस दहा दिवस लांब होता. तू मागच्या दारी आईशी बोलत होतीस. मी आजीची ट्रंक उघडली आणि घोंगडीतून लोकर उपटली. चिमूट नव्हे, लिमाकात्सो. मूठभर. उजव्या हाताने. आणि दुसऱ्या दिवशी तू लॉरीत बसलीस तेव्हा ती मूठ माझ्या कोटाच्या खिशात होती, आणि मी दारातून बाहेर आलो नाही.

तिचा वास मलाही आला होता.

न्ताते


हा-मोफोका, २१ मे

लिमाकात्सो,

१४ तारखेला घोड्यावर बसून मामा लेशोबोरोंकडे गेलो. माझ्या दोन्ही बहिणींनाही तिथे बोलावून घेतलं होतं, म्हणजे त्या अंगणातले सगळे कान पुन्हा एका जागी आले. मामांचं वय आता ऐंशीच्या पुढे. पीच वाळवत बसले होते. मी उभा राहून सांगितलं: लोकर, माशी, ‘मी’ म्हणालो ते, मूठ. बसायला कुणी सांगितलं नाही आणि मी बसलो नाही.

मामा पीचच्या बिया टिपत राहिले. मग म्हणाले, "खोजाने, ती घोंगडी मी वाटली. हाताएवढी जागा उघडी पडली होती. पोरीची चिमूट केवढी असते ते मला कळतं."

मी विचारलं, मग सहा वर्षं बोलला का नाहीत.

"तू मोजून बोलणारा माणूस. म्हटलं, कधीतरी मोजशील."

थोरली बहीण अंगावरच्या घोंगडीआड हसली. धाकटी हसली नाही, म्हणाली, पोरीला दोष देताना आवाज तळ्यापलीकडे गेला होता, आज इतकं हळू का बोलतोस. म्हणून मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. शेजारचे कुंपणाशी आले.

दंड एक मेंढी. मामांनी बजावलं की लंगडी आणू नकोस, तुझ्या बापाने एकदा आणली होती. मी चांगली दिली, दोन वर्षांची, चारही पाय बघून घ्या म्हटलं. त्यांनी खरंच बघितले.

वाटणीच्या दिवशी त्यांनी कणसांची घोंगडी तुझ्या नावाने बाजूला काढली होती. आजीनेच सांगून ठेवलं होतं म्हणे. तेव्हापासून ती आमच्याच ट्रंकेत होती, घडी केलेली, आणि दर वर्षी मी तिच्यातून थोडी थोडी लोकर काढत आलो, तुझ्या मालातून. ती मोत्सेकीबरोबर पाठवतो आहे. उघड्या जागेवर तुझ्या आईने ठिगळ लावायला घेतलं होतं, मी लावू दिलं नाही. तुझ्याकडे मशीन आहे. लावायचं की तसंच ठेवायचं ते तू ठरव.

घोंगडीच्या घडीत काडेपेटी आहे. वेढे मोजलेले नाहीत.

घोंगडीखाली खोका आहे, जड आहे, मोत्सेकीला उतरवून दे म्हणावं. यादीत दुरुस्ती लिहितो, कारण चुकीची यादी घरात राहू नये. माश्या चाळीस प्रकारच्या, एकेचाळीस नाहीत. शिकंजे दोन. दुसरा, तो खोक्यात आहे, मी या आठवड्यात केला, मोत्सेकीच्या जुन्या लॉरीच्या कडीचा. दांडा उजवीकडे आहे, म्हणजे डाव्या मनगटाला लागणार नाही. मी स्वतः डाव्या हाताने फिरवून पाहिला, पण माझ्या डाव्या हाताची साक्ष कुणी धरू नये. स्क्रू कडक वाटला तर मेंढीची चरबी लाव, तेल नको.

टेबलाच्या या बाजूला बसूनही तो चालतो. कुठलं टेबल ते मी लिहीत नाही. पाणी पुढच्या वर्षी मार्चअखेर उलटेल, दोन दिवस इकडे किंवा तिकडे, आणि तिसऱ्या दिवशी होडीत पाय ठेवायला दुसरं कुणी असेल तर मला कमी भीती वाटेल.

ती ओढ्यातून खाली परत गेली. काल कड्यावरून पाहिली, सडपातळ झाली आहे, पांढरी शेपूट. मी मूठ पुढे केली. तुझी आई सोबत होती. तिने बघितलं आणि चेष्टा केली नाही.

मिस्टर ब्रिंक काल सकाळी निघाले. आदल्या दिवशी कंपनीच्या कराराचा कागद घेऊन आमच्या टेबलाशी बसले होते. मी त्यांना सांगितलं की माशी माझी नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. वाईट माणूस नाही. म्हणाले, न्ताते खोजाने, बांधली कुणीही असो, नाव तुमचं झालं आहे, सही तुमची चालेल, कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, बांधणारी दरबानला असते, तिला विचारायला हवं, आणि पत्ता मी तिला विचारल्याशिवाय देणार नाही. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणजे आकडा मला नीट वाचता यावा. नावासकट आणि रीतीसकट, एकरकमी, दहा वर्षं माश्या विकून मिळत नाहीत तेवढे. मी वाचला, आणि नाही म्हटलं, आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला. पासष्ट हजार रँड होते.